केळीखालची एफडी

ती घटना आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. नातीचा हेडफोन कानाला लावला तरी पुरतं. लगेच गिरीजची ती केळीची वाडी, पायाखालची ओलसर माती आणि कानातला तो लांब, जाडसर आवाज परत येतो आणि या वयातही छाती धडधडायला लागते. नोकरीत मी खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले, पण इतकी मजा दुसऱ्या कुठल्याच तपासात आली नाही. पोलिसाने मजा हा शब्द वापरू नये असं बायकोचं मत आहे. मी वापरतो. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही.

मी तेव्हा वसई पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. लग्नसराईच्या तोंडावर एव्हरशाईन सिटीतलं एक जोडपं फिर्याद घेऊन आलं. दोघंही मुंबईला नोकरी करणारे. पुतणीच्या लग्नासाठी कपाटाचा आतला कप्पा उघडला तर पाटल्या, मोहनमाळ आणि ठुशी गायब. कुलूप तुटलेलं नाही, दाराला ओरखडा नाही. दागिने शेवटचे कधी पाहिले होते, तेही दोघांना नक्की सांगता येईना. पण घरी कोण कोण येतं असं विचारल्यावर दोघांनी एकाच दमात सांगितलं, पोळ्या करायला येणारी बाई.

ती बाई मिठागराकडच्या गावातली, चाळिशीच्या आतली, विधवा. तिला चौकशीला बोलावलं, तिच्या घराची झडती घेतली. काही मिळालं नाही. अटक करावी असा एकही पुरावा नव्हता आणि मी ती केलीही नाही. चोर माणूस चौकशीत आधी घाबरतो आणि मग गोड बोलतो. ही बाई पहिल्या मिनिटापासून चिडलेली होती आणि शेवटपर्यंत चिडलेलीच राहिली. मला तेव्हाच वाटलं होतं की ही नाही.

पण मला वाटून काय उपयोग? कॉम्प्लेक्सच्या गेटवर हल्ली ॲप असतं. कामवाल्यांनी नंबर सांगायचा, मग आत सोडतात. फिर्यादीने तक्रार केली आणि ॲपवर तिचं नाव लाल झालं. एका घरचा संशय, पण बंद झाली ती सगळी घरं. शिवाय गेटवरच्या वॉचमनने चारचौघांत तिला परत पाठवलं. तेव्हापासून ती दर सोमवारी पोलीस ठाण्यात यायची. बाकावर बसायची नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे उभी राहून मला विचारायची, "साहेब, सापडलं का?"

"नाही अजून."

"मग शोधा ना. मी कोनाचं काय नेलं नाय, ते तुमाला ठाव हाय. त्यांना कोन सांगनार?"

आणि उत्तराची वाट न बघता निघून जायची. सोमवार उजाडला की आमचे हवालदार मला आठवण करून द्यायचे, साहेब, आज तुमची परीक्षा.

उन्हाळा गेला, पावसाळाही सरला. ऑक्टोबरच्या उकाड्यात एक दिवस माझा खबरी आला. मजूर नाक्यावर त्याची चहाची टपरी आहे, कान मात्र चारी दिशांना. म्हणाला, "साहेब, एक लादीवाला आहे. दोन घोट पोटात गेले की एकच गाणं लावतो, माझी एफडी केळीखाली आहे. आम्ही हसतो. पण काल म्हणाला, एव्हरशाईनवाल्यांनी व्याजासकट दिलीय."

मी तिथल्या तिथे फिर्यादीला फोन लावला. घरात लादीचं काम कधी केलं होतं? तो म्हणाला, "हो, गेल्या हिवाळ्यात बाथरूम नवीन केलं ना. पण तो माणूस तर काम संपवून कधीच गेला होता." म्हणजे दागिने जाऊन महिने लोटल्यावर कपाट उघडलं आणि संशय आला तो त्या दिवशी दारात जी उभी होती तिच्यावर. मला असा राग आला की फोनवर जास्त बोललो नाही.

लादीवाल्याला ताब्यात घेतलं. मी चौकशीत हात उचलणारा नाही. चहा पाजतो आणि माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारतो. कामाबद्दल बोलायला लागलेला माणूस खोटं बोलायचं विसरतो, हा माझा अनुभव आहे. हाही खुलला. "त्या बाथरूमचा स्लोप जाऊन बघा साहेब, पाणी एक सेकंद थांबत नाय." स्लोपवरून मी कपाटाच्या चावीवर आलो. गड्याने चहाचा कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "विकलं नाय साहेब. डेअरिंगच झाली नाय. खोलीत आम्ही पाचसहा जण, तिथे कपडे पण सेफ नसतात. म्हणून गिरीजच्या वाडीत पुरलं." चोराला चोरीची भीती! आम्ही सगळे हसलो.

कायद्याची एक गोष्ट इथे सांगतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. पण आरोपीने सांगितलेल्या जागी वस्तू सापडली तर तेवढं टिकतं. म्हणून पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतलं आणि गाडी गिरीजला काढली. सोनं सापडलं तर बाई सुटली. नाही सापडलं तर तो कोर्टात सरळ म्हणणार, मी असं काही बोललोच नाही, आणि ॲपवरचं लाल नाव लालच राहणार.

वाडीवाले काका घरंदाज बागायतदार होते. बँकेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. त्यांच्या पंपाच्या खोलीत याच लादीवाल्याने फरशी बसवली होती, त्यामुळे त्याला वाडी माहीत. तो आम्हाला ऐटीत घेऊन आत शिरला आणि थांबला. स्वतःभोवती फिरला. परत पंपाच्या खोलीशी गेला, तिथून चालत आला, पुन्हा थांबला.

"इथे घड लागलेली केळ होती साहेब. त्या केळीच्या बुडाशी पुरलं. ती केळ कुठे गेली?"

काका आधी थक्क झाले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. "अरे बाबा, केळीला घड एकदाच येतो! घड उतरवला की ती केळ आम्ही तोडून टाकतो. बाजूचा मुनवा वाढतो, तो पुढची केळ. तुझी केळ बाजारात जाऊन लोकांच्या पोटात गेली!"

नारळ-आंब्याची खूण धरावी तशी त्याने केळीची खूण धरली होती. मी घाटावरचा, उसातला माणूस. पंच बोरिवलीत वाढलेले. त्याचं निवेदन लिहून घेताना आम्हा कोणालाच त्यात काही खटकलं नव्हतं! त्यात काकांनी आणखी एक बातमी दिली. उन्हाळ्यात त्यांनी बावखल, म्हणजे वाडीतलं त्यांचं जुनं तळं, उपसलं होतं आणि तो गाळ सगळ्या वाडीत वीतभर जाड पसरला होता. म्हणजे सोनं होतं त्याहून खोल गेलं होतं.

"खणून काढतो," मी म्हणालो.

"एक कुदळ लावायची नाही," काका म्हणाले. "घड दिवाळीला तयार होतील. मुळं तुटली की माझं वर्ष गेलं. जागा दाखवा, तेवढीच खणा. अख्खी वाडी उकरू देणार नाही, साहेब. कोर्टाचा कागद आणलात तरी मी आडवा पडेन."

माणूस खरंच आडवा पडला असता. परतताना गाडीत माझी महिला शिपाई म्हणाली, "सर, मेटल डिटेक्टर लावूया ना." ही मुलगी विरारची. बिनतारी संदेशाच्या खोलीत तिची ड्युटी असायची. खरखराटातून शब्द वेचण्यात तिचा कान ठाण्यात सगळ्यात तिखट. मी म्हटलं, ठीक आहे, लावूया, त्यात काय मोठं.

त्यात बरंच मोठं होतं! ठाण्यात होती ती हातात धरायची दांडी, सभेच्या दारावर लोकांच्या खिशांवरून फिरवतात ती. शिपाईने कुंडीत नाणं ठेवून वर मूठभर माती टाकली. दांडी गप्प. बॉम्ब शोधक पथकाचं मशीन खोल बघायचं, पण त्याला सगळे धातू सारखेच, आणि ते मशीन पथकाला सोडून राहू शकत नव्हतं. त्यांनी एक हवालदार तेवढा सकाळपुरता शिकवायला पाठवतो म्हणून सांगितलं. मग मी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. तिथे एका विक्रेत्याने दोन अँटेना असलेलं चकचकीत यंत्र पुढे केलं. "साहेब, दहा फूट खालचं सोनं दाखवतं. हिरेसुद्धा!" मी बोटातली अंगठी काढली, त्याला पाठ फिरवायला सांगितली आणि त्याच्याच दुकानातल्या एका खोक्याखाली ठेवली. म्हटलं, दहा फूट राहू दे, टेबलावरचं सांग. अँटेना गोल गोल फिरल्या आणि शेवटी पंख्याकडे वळून थांबल्या. तो म्हणाला बॅटरी उतरलीय. मी म्हटलं, तुझीही उतरलीय, तिलाही चार्ज कर.

पलीकडच्या दुकानदाराने मात्र मलाच प्रश्न विचारले. माती कोरडी की ओली? खारी आहे का? वस्तू लहान की मोठी, किती खोल? आसपास लोखंड किती? एवढं ऐकून त्याने एक साधीच दिसणारी दांडी काढली. कोपराला टेकू, हातात छोटा पडदा, खाली गोल चकती. म्हणाला, चकती मोठी लावतो, म्हणजे खोल बघेल. प्रत्येक धातूला वेगळा सूर देईल, हेडफोन लावून ऐका. खाऱ्या ओल्या मातीत उगाच ओरडतं, म्हणून आधी मातीशी जुळवून घ्यायचं, मगच शोधायला लागायचं. मला हा माणूस एकदम पटला. यंत्र भाड्याने घेतलं आणि येताना गाडीत मांडीवर धरून बसलो.

शिकायला सुरुवात केली ठाण्याच्या मागच्या अंगणात, आणि कानठळ्या बसल्या. तिथे जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडलेल्या! यंत्र पाऊलभर गप्प बसेना. मग काकांनाच गळ घातली, वाडीतला एक रिकामा वाफा द्या. त्यांनी दिला आणि खुर्ची टाकून स्वतः बसले गंमत बघायला.

पथकाच्या हवालदाराने धडे दिले. चकती जमिनीला जवळजवळ टेकलेली हवी. झोका द्यायचा नाही, जमीन पुसायची. एक पट्टा पुसून झाला की पुढचा त्याच्यावर थोडा चढवायचा. सावकाश, अगदी सावकाश. मला सावकाश जमत नाही. शिपाई पाच मिनिटांत शिकली आणि माझ्याकडे बघून हसायला लागली. "सर, तुम्ही गवत कापताय." मग तिने माझी अंगठी वाफ्यात पुरली आणि म्हणाली, शोधा. मी शोधत राहिलो आणि गुटख्याच्या पुड्यांची चांदी वेचत राहिलो. त्या चांदीचा सूर आणि अंगठीचा सूर जवळपास एक! चांदीला कंटाळून जो खणणं सोडेल त्याला सोनंही मिळायचं नाही, हे तिथे कळलं. शेवटी अंगठी सापडली तेव्हा मी हातातलं खुरपं टाकून ओरडलो. काकाही उठून उभे राहिले. नंतर त्यांनी हेडफोन मागून घेतला आणि तासाभरात मातीतून सायकलची एक जुनी घंटी काढली. धुऊन वाजवली तर वाजली! त्यानंतर आमचा चहा काकांच्या घरून यायला लागला.

वाडीत खिळे, तारा, जुन्या पंपाचे तुकडे चिकार. हवालदाराच्या सल्ल्याने आम्ही यंत्राला सांगितलं, लोखंड सोड, आवाजच काढू नको. मग पंच आले, आरोपीला आणलं, आणि त्याने हात करून दाखवलेल्या पट्ट्यात शिपाईने केळींमधली जमीन पुसायला घेतली. सकाळ गेली, दुपार गेली. चांदीच्या पुड्या, बाटलीची झाकणं, एक चमचा. सोनं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आरोपीच्या कोठडीची मुदत संपत आली होती. पंच घड्याळ बघायला लागले. काका म्हणाले, "साहेब, हा गडी तुम्हाला खेळवत तर नाही ना?" आणि उद्या सोमवार होता. बाई येणार आणि विचारणार.

सोमवारी सकाळी हजेरी आटोपून मी त्या लादीवाल्याचं जप्त केलेलं सामान टेबलावर मांडलं. कुठे पुरलं हे विचारून झालं होतं. आता त्याला समोर बसवून कामाबद्दल पुन्हा विचारावं असं ठरवलं. करणी, हातोडी, ओळंबा, लाकडी रंधा, सगळं झिजलेलं, हाताच्या घामाने काळं पडलेलं. सिमेंट पसरायची लोखंडी थापी मात्र नवीकोरी. मी ती उचलली. कारागीर हाताला बसलेली थापी भावालाही देत नाही, हे मी माझ्या घराचं काम चालू असताना पाहिलेलं. म्हटलं, "जुनी कुठाय रे?"

"ती? ती तिथेच आहे ना साहेब."

"तिथे कुठे?"

"खड्ड्यात. तिनेच खोदलं. खोदता खोदता मूठ तुटली. म्हटलं आता काय कामाची, सोन्यावर आडवी ठेवली आणि माती लोटली."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सोन्याचं विचारत होता साहेब. थापीचं कोणी विचारलंच नाय!"

मी खुर्चीवरून उठलोच. सोन्यावर झाकण होतं लोखंडाचं, आणि लोखंडाला गप्प बसायला आम्हीच सांगितलं होतं! शिपाई दारात उभी होती. तिने ऐकलं आणि जीप काढायला धावली.

त्याचं हे बोलणंही पंचांसमोर लिहून घेतलं आणि आम्ही वाडीत पोचलो. शिपाईने बटणं दाबून ती बंदी उठवली. वाडी एकदम बोलायला लागली. टिक, टिक, टिक, खिळेच खिळे. "सर, खिळा तुटक बोलतो," ती म्हणाली. "थापी मोठी आहे. ती लांब बोलेल." ती निघाली. आम्ही सगळे तिच्यामागे, पंच, आरोपी, काका, काकू. एका जागी ती थांबली. मागे आली. पुन्हा चकती फिरवली. मग आडवी फिरवत होती ती उभी फिरवली. हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

तो आवाज! खालून आलेला, जाड, सलग, थांबतच नव्हता. जागा होती दोन केळींच्या मध्ये, जिथे आता खुंटसुद्धा नव्हता.

काकांनी स्वतः खुरप्याने मुळं बाजूला करत माती काढली. आधी काळा गाळ, त्याखाली तांबूस माती आणि मग ठण्ण. गंजलेली थापी. आरोपीच आनंदाने ओरडला, "हीच! हीच माझी!" थापीखाली दुधाची पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात मोहनमाळ, ठुशी आणि पाटल्या. काका घंटी घेऊन आले आणि वाजवत सुटले. पंचनामा चालू असताना असं वाजवू नये, पण मी त्यांना थांबवलं नाही.

तिथूनच बाईला फोन लावला. ठाण्यात पोचून ती माझी वाट बघत उभीच होती. मी म्हटलं, "सापडलं." पलीकडून हुंदका आला, एकच, आणि लगेच तिचा तो चिडका सूर, "बगा, मी सांगत होती ना!" मी केळीकडे तोंड करून उभा राहिलो.

फिर्यादी जोडपं पोलीस ठाण्यात आलं. नवरा खाली बघत होता, बायको रडत होती. त्यांनी बाईची माफी मागितली, उद्यापासून कामावर या म्हणाले. तिने मान हलवली. "काम नको. काम भेटलंय मला दुसरीकडं. माजं नाव तेवढं गेटावरचं काढा. आनि मला एकदा आत जायचंय."

त्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत तिच्याबरोबर गेटवर गेलो. रस्ताभर माझ्या मनात थापीच घोळत होती. यंत्राला आम्ही सांगितलं, हे सोड, म्हणून त्याने ते सोडलं. दोष यंत्राचा नव्हता. त्या जोडप्यानेही मनाशी असंच ठरवून टाकलं होतं, कोणाकडे बघायचं आणि कोणाला सोडायचं. तेव्हापासून तपास अडला की मी आधी एकच विचारायचो, आपण कशाकडे बघायचं बंद केलंय? पुढे नवीन अधिकाऱ्यांनाही मी हेच सांगत आलो. बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

गेटवर तोच वॉचमन होता. त्याने मोबाईल पुढे केला, नंबर टाकला, नाव हिरवं झालं. मग सवयीने विचारलं, "किसके घर?"

"कोनाच्याच नाय," ती म्हणाली.

वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. ॲपमध्ये त्यासाठी जागा नव्हती. मी मान डोलावली. त्याने दांडा वर केला. ती पदर सारखा करून आत गेली. बागेपाशी बसलेल्या बायकांसमोरून, सगळ्या इमारतींवरून, सावकाश, एकही पट्टा न सोडता, पूर्ण चक्कर मारून ती गेटवर परत आली आणि म्हणाली, "चला साहेब, झालं."